वडील हयात, पण दाखला द्यायला तयार नाहीत

प्रश्न : मुलीला कॅप फेरीतून अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. आम्ही ओबीसी. नवरा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला. वापीला कंपनीत आहे असं कळतं. पैसे पाठवत नाही, फोन उचलत नाही. घटस्फोट झालेला नाही. मी तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याची पगारपावती मागतात. एकाने सुचवलं, ‘वडील मयत’ लिहा. लिहू का?
– एक आई, बोईसर

उत्तर : ताई, अजिबात लिहू नका. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीसाठी महाडीबीटी पोर्टलवर भरायचा अर्ज मुलीच्या नावाचा असतो. खोटं उघड झालं तर शिष्यवृत्ती जाईल आणि गुन्ह्याचं किटाळ तिच्यावर येईल, सल्ला देणाऱ्यावर नाही.

आणि खोटं लिहायची गरजही बहुधा नाही. शुल्कमाफीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख आहे. ठेकेदाराकडचा तुमचा पगार आणि कारखान्यातल्या कामगाराचा पगार एकत्र धरला, तरी बेरीज सहसा तिथवर जात नाही. २०२४-२५ पासून कॅपमधून आलेल्या ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क या मर्यादेत पूर्ण माफ आहे. अडलंय ते फक्त कागदावर. (अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची असते, तिथे वडिलांचा पगार खरोखर आड येऊ शकतो.)

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालघर तहसीलदारांकडे तुमच्या नावाने लेखी अर्ज करा. नवरा कधीपासून वेगळा राहतो, खर्च देत नाही, हे स्वयंघोषणापत्रात स्पष्ट लिहा. सोबत तुमची पगारपावती, रेशनकार्ड, पोलिसांत तक्रार केली असल्यास तिची प्रत जोडा. तलाठ्यांकडून चौकशी अहवाल मागा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा, म्हणजे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येईल.

वडिलांना मात्र मोकळं सोडू नका. मुलगी अठरा वर्षांची झाली म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाहखर्चात शिक्षणही येतं. स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित मुलगी तो वडिलांकडून मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘अभिलाषा’ प्रकरणात सांगितलं. वकिलाच्या फीची काळजी नको. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पालघर न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे मुलीला सोबत घेऊन जा. ती सज्ञान असेल तर दावा तिच्याच नावाने दाखल होईल.