सुईच्या भोकातून नळदुर्ग

छायाचित्राला भिंग लागतेच असे नाही. पत्र्याच्या डब्याला आतून काळा रंग दिला, समोर पातळ पत्र्याला सुईने भोक पाडून बसवले आणि अंधारात छायाचित्राचा कागद चिकटवला, की कॅमेरा तयार. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी छाया भिंतीवर पडते, तीही अशीच.

भोक जितके बारीक तितके चित्र रेखीव, असे वाटते. पण फारच बारीक केले तर प्रकाश कडांशी पसरतो आणि चित्र पुन्हा पुसट होते. लॉर्ड रॅले यांनी 1891 साली याचा अभ्यास केला होता. कागद 10 सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे 0.45 मिलिमीटरचे भोक बरे.

पावसाने उघडीप देताच मी डबा नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यासमोर ठेवला. बंधाऱ्याच्या पोटात 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल आहे. भोकावरची चिकटपट्टी अर्धा मिनिट काढली. पुढे कागद धुऊन काळ्याचे पांढरे केले, तेव्हा दगडन्‌दगड मोजता येत होता. कोसळणारे पाणी मात्र पिंजलेल्या कापसासारखे, आणि समोरून गेलेली माणसे उमटलीच नव्हती!

आता माणसाचे चित्र घ्यायचे आहे. अर्धा मिनिट न हलता उभे राहणारा मित्र हवा. आमच्या वर्गात तो सापडणे कठीण दिसते.