दहा मायक्रोग्रॅमचं बिल

उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा काढायची, प्लेटमध्ये घालायची आणि सातेक दिवसांत तिच्यातून मॅक्रोफेज तयार करायचे, हे रोगप्रतिकारशास्त्राच्या लॅबमधलं रोजचं काम. त्यासाठी मज्जेतल्या पेशींना ‘मॅक्रोफेज व्हा’ असा निरोप देणारं प्रथिन लागतं, ते म्हणजे एम-सीएसएफ. बाजारात मिळतं ते रिकॉम्बिनंट, म्हणजे त्याचं जनुक बहुधा ई. कोलाय जीवाणूत घालून बनवलेलं. पहिलं कोटेशन हातात पडलं की पीएचडीच्या नव्या मुलांचे डोळे पांढरे होतात. पण व्हायलची किंमत बघून काही कळत नाही. एका उंदरामागे काय पडतं, ते काढा.

मात्रा धरू मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. एका प्लेटला आधी १० मिलि मिडियम, चौथ्या दिवशी वर ५ मिलि. म्हणजे प्लेटमागे ३०० नॅनोग्रॅम. एका उंदराच्या आठ प्लेट झाल्या तर २.४ मायक्रोग्रॅम. १० मायक्रोग्रॅमची व्हायल चार उंदरांना पुरते. समजा तिचे २०,००० रुपये सांगितले, तर उंदरामागे ४,८००. तेच ५० मायक्रोग्रॅमची व्हायल ६०,०००ला मिळाली, तर २,८८०. वर्षात वीस उंदीर होणार असतील तर मोठीच घ्या. चार-पाचच होणार असतील तर तो मोह नको, मुदत संपून उरलेलं फेकावं लागेल.

‘उंदराच्या पेशी, म्हणून उंदराचंच प्रथिन’ असा हट्टही इथे धरू नका. माणसाचं एम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालतं (उलट मात्र चालत नाही), तेव्हा दोन्हींचे भाव विचारा. जीएम-सीएसएफच्या बाबतीत ही सोय नाही. तिथे प्राणी चुकला की पैसे पाण्यात.

कंपन्या ‘एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं विष) अत्यल्प’ म्हणून जास्त पैसे मागतात. मायक्रोग्रॅमला १ युनिट असलेलं प्रथिन आपल्या मात्रेत वापरलं, तर मिडियममध्ये मिलिलिटरला ०.०२ युनिटच येतं. जास्तीचे पैसे मोजण्याआधी आपल्या सिरमच्या बाटलीचा आकडा बघा, बहुतेकदा चोर तिथेच सापडतो. जीएमपी दर्जाही प्लेटवरच्या कामाला नको. ‘कॅरिअर-फ्री’ लागतं ते प्रथिनाला लेबल लावायचं असेल किंवा प्राण्यांत टोचायचं असेल तेव्हा. सिरम घातलेल्या मिडियममध्ये कॅरिअर म्हणून बीएसए असलेलं खुशाल चालतं.

कोटेशनवर जीएसटी, वाहतूक आणि ड्राय आइस वेगवेगळं दाखवायला सांगा. सुकी पूड साध्या तापमानाला पाठवली तरी चालते, असं डेटाशीटवर छापलेलं असेल तर ड्राय आइसचा आकार कशाला भरायचा? आयातशुल्कात संस्थेला सवलत लागू होते का, हे परचेस सेक्शनला पीओ निघण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

खरं नुकसान बाकावर होतं. १० मायक्रोग्रॅम पूड डोळ्याला दिसतच नाही. आमच्याकडे एकाने ‘व्हायल रिकामी आली’ म्हणून डीलरला फोन लावला होता, तोही झाकण उघडून, उलटी करून बघितल्यावर! आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मगच उघडा. डेटाशीटवर सांगितलेल्या द्रावणात १०० मायक्रोलिटर करा आणि २५-२५चे चार ऍलिकॉट करून उणे ८०ला ठेवा. वरच्या हिशेबात एका उंदराला २४ लागतात, म्हणजे उंदरामागे एक ऍलिकॉट. तीच नळी वितळवायची, पुन्हा गोठवायची, पुन्हा वितळवायची, असं केलं की प्रथिनाचा जोर जातो आणि मग मात्रा वाढवत बसावं लागतं.

आणि हात अगदीच आखडता असेल तर एल-९२९. उंदराच्या या पेशींचा क्लोन १९४८चा, आणि त्या एम-सीएसएफ स्वतःच मिडियममध्ये सोडतात. आठवडाभर वाढवा, वरचं मिडियम गाळून गोठवा, वीस-तीस टक्के घाला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे, तिथे चौकशी करा. खर्च सिरमचा आणि तुमच्या वेळेचा. पण प्रत्येक बॅच वेगळी निघते आणि तिच्यात एम-सीएसएफशिवायही बरंच काही असतं. नुसते मॅक्रोफेज वाढवायचे असतील तर मी हेच वापरेन. सायटोकाइन मोजून पेपर लिहायचा असेल तर विकतचंच घेईन, आणि सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढं एकाच लॉटचं राखून ठेवायला डीलरला आधीच सांगेन.