रजेच्या अर्जावर पोच घ्या

शाळेत नोकरी लागली की घरचे पगार विचारतात, नातेवाईक शाळा किती लांब ते विचारतात. रजा किती, हे कोणी विचारत नाही. खांडबाऱ्याच्या आसपास, नवापूर तालुक्यातल्या लहानमोठ्या शाळांत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या कित्येक जणींची रजेच्या नियमांशी पहिली गाठ आजारपणातच पडते. माझी पडली ती सिकलसेलमुळे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या आजाराचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आदिवासी घरांत तो आईबापांकडून मुलांकडे येतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या, हे चांगलंच झालं. पण दुखण्याचा झटका तारीख सांगून येत नाही. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप आला, दगदग झाली की रात्रीतून सांधे धरतात आणि सकाळी उठवत नाही. अशा माणसाकडून ‘आठ दिवस आधी लेखी परवानगी घ्या’ अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याने आजारीच पडू नये असं सांगणं.

माझ्या करारात नेमकं तेच लिहिलं होतं. शाळा विनाअनुदानित. जूनमध्ये शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला. ‘रजा देणे संस्थेच्या मर्जीवर राहील’ आणि ‘पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास सेवा संपुष्टात येईल’ अशी दोन वाक्यं त्यात होती. प्रत मागितली तेव्हा ‘ती ऑफिसात राहते, मॅडम’ असं उत्तर मिळालं.

भर पावसाळ्यात झटका आला. मला नंदुरबारला दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने रजेचा अर्ज शाळेत नेऊन दिला. बरी होऊन परतले तर हजेरीपटावर माझ्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिलेलं. अर्ज आलाच नाही, असं सांगण्यात आलं. पगार कापला गेला आणि वर मला बोलावून समजावलं, “मॅडम, तुमच्या तब्येतीला ही नोकरी झेपायची नाही. राजीनामा लिहून द्या, आम्ही अनुभवाचा दाखला चांगला देऊ.” बोलणं अगदी गोड होतं. कागद आणि पेनही समोर ठेवलेलं होतं.

मी लिहून दिलं नाही. घरी आले आणि ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना विचारलं. त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येक खाजगी शाळेतल्या शिक्षकाला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर सांगते.

महाराष्ट्रात ‘खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977’ आहे आणि त्याखाली 1981 ची नियमावली आहे. अनुदान मिळतं म्हणून हा कायदा लागू होतो, असा समज आमच्या भागात पक्का बसला आहे. तो चूक आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, कायदा दोन्हींना लागू आहे. नियमावलीतला 16 वा नियम रजेचाच आहे. नियुक्तिपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचं तेही नियमावलीत छापलेलं आहे. संस्थेने आपल्या मनाने स्टॅम्पपेपर टाइप करून घेतला म्हणून नियमाने दिलेली रजा ‘मर्जीची’ होत नाही.

राजीनाम्याचं कलम तर मी आता सगळ्या नव्या मुलींना वाचून दाखवते. कलम 7 म्हणतं की राजीनामा द्यायचाच असेल तर शिक्षकाने तो दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. दबावाखाली टेबलावर लिहून घेतलेल्या कागदांपासून माणूस वाचावा, यासाठीच ही पद्धत घातली आहे असं मला मनापासून वाटतं. कोणी तुमच्यापुढे कागद सरकवला तर एवढंच म्हणा, “सर, द्यायचा झाला तर पोस्टाने पाठवीन.” आणि उठा.

मग मी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचा दाखला आणि कामावर हजर होण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र जोडून नवा अर्ज केला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोस्टाची पावती वहीत चिकटवली. हजेरीपटावरचा शेरा बदलला गेला. कापलेला पगार पूर्ण परत आला नाही आणि पुढच्या जूनमध्ये माझा करार झाला नाही. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण माझ्या नोंदीत ‘गैरहजर’ राहिलं नाही, राजीनामाही राहिला नाही. दुसऱ्या शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा त्याचा उपयोग झाला.

आजारी माणसाने अर्ज कसा करावा, हे यातूनच शिकले. भरती झाल्या दिवशीच मुख्याध्यापकांना मोबाइलवर संदेश पाठवावा, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप राहते. मागून कागदी अर्ज द्यावा. त्यात रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या प्रकारची, हे स्पष्ट लिहावं. नुसतं ‘तब्येत बरी नसल्याने येऊ शकत नाही’ एवढं पुरत नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्यावा. लिपिक पोच देत नसेल तर भांडू नये, सरळ पोस्ट ऑफिस गाठावं. सिकलसेलचा रुग्ण असाल तर आणखी एक गोष्ट: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत धरला आहे. ते प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. आपल्याकडे बायका लग्नाच्या काळजीने हा आजार लपवतात, आणि मग नोकरीत अडचण आली की दाखवायला कागदच नसतो.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतले नियम वेगळे आहेत. तिथे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी, म्हणजे परिवर्तित, करून घेता येते; मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. प्रसूती रजा 180 दिवसांची आहे, आणि 2018 पासून महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात 180 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. तिथल्या मंडळींना माझी एकच विनंती: सेवापुस्तकातला रजेचा हिशेब दरवर्षी स्वतः डोळ्यांनी पाहा. निवृत्तीच्या तोंडावर जुन्या नोंदी शोधणं फार जड जातं.

सर्वांत बिकट अवस्था आश्रमशाळांतल्या रोजंदारी आणि तासिकेवरच्या शिक्षकांची. आले तर पैसे, नाही तर नाही. बाह्यस्रोताने भरती करायचं ठरलं तेव्हा 2025 च्या पावसाळ्यात हे लोक नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते. एजन्सीमार्फत नेमणूक झाली की करार एजन्सीशी आणि हजेरी शाळेत. रजा मागायची कोणाकडे, हेच कळत नाही. म्हणून अशा नोकरीत पहिल्याच दिवशी रजा मंजूर करणाऱ्याचं पद लेखी मागून घ्यावं.

बाळंतपणाबद्दल मात्र कंत्राटी बायांनी मान खाली घालू नये. माझ्या ओळखीच्या एका ताईला ‘करार मार्चला संपतो, तोवरच रजा’ असं सांगण्यात आलं आणि तिने ते मानून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं आहे. करारावर काम करणाऱ्या या डॉक्टरांची मुदत मध्येच संपली होती, तरी प्रसूतीचा लाभ मुदतीपुढेही द्यावा लागेल, असा तो निकाल आहे. मे 2025 मध्ये तामिळनाडूतल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात याच न्यायालयाने प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग मानला. प्रसूती लाभाच्या कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे दिले आहेत आणि त्याहून कमी देणारा करार चालत नाही, असंही म्हटलं आहे.

या जूनमध्ये तुमच्यापुढे करार येईल तेव्हा सही करण्याआधी मोबाइलमध्ये त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. आणि खाजगी शाळेने रजेचं निमित्त करून कामावरून काढलंच, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ या तोंडी आश्वासनावर थांबू नका. शाळा न्यायाधिकरणात अपील करायची मुदत आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांची आहे.