महाडच्या मंडपातील विश्वास : नेतृत्वाचा एक अभ्यासपाठ

इयत्ता नववीच्या वर्गात महाडचा सत्याग्रह शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, डिसेंबर महिन्यात लोक तळ्यावर जाण्यासाठी महाडला आले होते. मग बाबासाहेबांनी थांबा म्हणताच ते थांबले कसे?" तास संपत आला होता. "बाबासाहेबांवर त्यांची श्रद्धा होती," एवढेच उत्तर मी दिले. पण ते उत्तर अपुरे आहे, हे मलाच जाणवत राहिले. श्रद्धा आली कोठून, हाच तर त्या मुलाचा प्रश्न होता. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम प्रसंग समजून घेऊ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. गावात सभेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. हजारो स्त्री-पुरुष जमले. पहिल्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून तीन हजारांहून अधिक लोकांनी सत्याग्रही म्हणून नावे नोंदवली. परंतु त्यापूर्वीच, १४ डिसेंबरला, सनातनी मंडळींनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. चवदार तळे ही खाजगी मालमत्ता आहे, असा त्यांचा दावा होता. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन हुकूम पाळण्याची विनंती केली. मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांचा कल तरीही तळ्यावर जाण्याकडेच होता. अशा वेळी, २७ डिसेंबरला, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव खुद्द बाबासाहेबांनी मांडला. लोक हिरमुसले, पण त्यांनी तो मान्य केला. त्यानंतर शिस्तबद्ध मिरवणूक निघाली आणि परिषद आटोपून लोक आपापल्या गावी परतले.

हे एका भाषणाच्या बळावर घडले नाही. त्या दिवशी मंडपात जो विश्वास दिसला, तो आधीच्या वर्षांत कणाकणाने जमा झालेला होता.

त्याचा पहिला आधार म्हणजे प्रत्यक्ष काम. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेने लवकरच, म्हणजे १९२५ मध्ये, सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या काळी खेड्यातल्या मुलाला माध्यमिक शाळेत जायचे तर राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हीच पहिली अडचण असे. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ती वेगळी सांगायला नको. 'शिका' असे सांगणाऱ्याने शिकण्यासाठी छप्पर उभे केले, म्हणून पुढे 'संघर्ष करा' असे सांगण्याचा अधिकार त्याला लोकांनी दिला.

दुसरा आधार म्हणजे धोक्यात बरोबरीचा वाटा. मार्च १९२७ च्या पहिल्या परिषदेची तयारी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, त्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले. शेजारीच तळे भरलेले होते. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. पण ती सारी मुभा कागदावरच होती. २० मार्चला बाबासाहेब स्वतः अग्रभागी चालत तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य घुसणार अशी अफवा पसरवून परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला करण्यात आला. परिषदेस आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले कसलेले लोक होते. प्रतिकार करण्याचा एक शब्द त्यांना पुरेसा होता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि कायद्याचा मार्ग धरला. रागाच्या भरात आपल्या माणसांचा बळी न देणारा नेता लोकांनी त्या दिवशी पाहिला. डिसेंबरमध्ये तोच माणूस थांबा म्हणत होता. तो भीतीपोटी बोलत नाही, हे लोकांना ठाऊक होते.

तिसरा आधार म्हणजे सहकाऱ्यांची पाठराखण. महाडच्या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते आघाडीवर होते. सहस्रबुद्धे तर जन्माने ब्राह्मण. मनुस्मृती दहनाचा ठराव त्यांनीच मांडला. ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, परंतु त्यात ब्राह्मणांना सहभागी करून घेऊ नये, अशी अट घातली. पाठिंबा मोलाचा होता. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाला नाही, ही त्यांची भूमिका होती. सोयीसाठी एका सहकाऱ्याला दूर करणारा नेता उद्या आपल्यालाही दूर करील, हे इतर सहकारी मनोमन ओळखतात. येथे त्यांना उलट अनुभव आला.

चौथा आधार म्हणजे उघडपणा. तहकुबीचा निर्णय सत्याग्रहींना गावी परतल्यावर चिठ्ठीने कळवलेला नव्हता. परिषदेत साधकबाधक चर्चा झाली, विरोधी मते ऐकली गेली आणि मग कारणे सर्वांसमोर मांडण्यात आली. आपला झगडा सनातन्यांशी आहे. हुकूम मोडला तर तो सरकारशीही सुरू होईल. कोर्टात आपली बाजू भक्कम आहे. ज्यांच्या मनाविरुद्ध निर्णय घ्यायचा, त्यांच्याच समोर उभे राहून तो सांगितला गेला. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी म्हटले होते. महाडचा मंडप मतभेद असूनही एकोप्याने उठला.

शेवटचा आधार पुढे सिद्ध झाला. कोर्टात लढू, हा शब्द बाबासाहेबांनी विसरू दिला नाही. महाडचे दिवाणी न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय असा हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, तरी चवदार तळ्याची फाईल बंद झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी वसतिगृहाचा अधीक्षक असताना महाडची अभ्याससहल ठरली होती. मुलांनी घरून पैसे आणले. बसचे भाडे वाढले, हिशेब जमेना, आणि सहल रद्द झाली. मी मुलांना "पुढे पाहू" एवढेच सांगितले. पैसे परत केले, पण तीन आठवड्यांनी. मुले काही बोलली नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याला मी समजूतदारपणा मानले. पुढच्या महिन्यात भोजनालय समितीसाठी नावे मागितली, तेव्हा एकही हात वर झाला नाही. इतिहासाचा एम.ए. असलेल्या मला ज्या घटनेचा पाठ तोंडपाठ होता, तिचा अर्थ त्या सायंकाळी कळला. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी सारा हिशेब वाचून दाखवला आणि क्षमा मागितली. तेव्हापासून भोजनालयाचा मासिक हिशेब विद्यार्थीच सर्वांसमोर वाचू लागले. हात पुन्हा वर यायला मात्र जवळपास वर्ष लागले.

हे केवळ शाळेपुरते नाही. आपल्या जयंती समित्या, विहार समित्या, महिला मंडळे पाहावीत. त्या फुटतात तेव्हा कारण विचारांचे दिले जाते. थोडे खोल गेले की न वाचलेला जमाखर्च, दोघांनीच घेतलेला निर्णय किंवा संकटात एकटा सोडलेला कार्यकर्ता सापडतो. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी आज कार्यालयात विभाग सांभाळतो, कोणी संघटनेचा अध्यक्ष आहे, कोणी मुख्याध्यापक आहे. आपल्या माणसांना कधीतरी 'थांबा' म्हणण्याची वेळ तुमच्यावर येईलच. त्या दिवशी त्यांनी ऐकावे असे वाटत असेल, तर हिशेब आजच त्यांच्यासमोर ठेवा, अप्रिय बातमी स्वतःच्या तोंडून द्या आणि दिलेला शब्द वर्षे लागली तरी पूर्ण करा.

त्या नववीच्या विद्यार्थ्याला मी इतके सविस्तर उत्तर देऊ शकलो नव्हतो. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, अशी आशा आहे.