ओट्सची न्याहारी व घरचे बेकिंग : नावापेक्षा घटक पाहा

शाळेची लवकरची वेळ आणि कामावर जाण्याचा लांबचा प्रवास यांमुळे बेंगळुरूतील अनेक घरांत न्याहारीची जागा बन, बिस्किटे किंवा पाकिटातील ओट्स यांनी घेतली आहे. पाकिटावर ‘ओट्स’ हा शब्द दिसला, की पदार्थ आरोग्यदायी आहे असे आपण गृहीत धरतो. हा समज तपासणे आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह आहे. न्याहारीतील मैदा, साखर व मीठ कमी करणे हा आपल्या हाती असलेला उपाय आहे.

ओट्स उपयुक्त का?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू असतो. शिजलेल्या ओट्सचा बुळबुळीतपणा त्याच्यामुळेच येतो. आतड्यात हा चिकट तंतू पित्ताम्लांना धरून ठेवतो. ती नव्याने तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. अन्नातील साखर रक्तात उतरण्याचा वेगही मंदावतो. दररोज सुमारे 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळाल्यास अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समधून याचा साधारण निम्मा भाग मिळतो. एखाद्या बिस्किटातून मात्र तो नगण्यच असतो.

खरेदी करताना

• घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा व साखर आरंभी आणि ओट्स शेवटी असतील, तर तो पदार्थ मुख्यतः मैद्याचाच आहे.
• मसाला ओट्समधील सोडियम पाहा. दिवसभराची मर्यादा 2,000 मिलिग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, इतकी आहे.
• साधे, जाड ओट्स निवडा. झटपट शिजणारे बारीक ओट्स लवकर पचतात व रक्तशर्करा अधिक वेगाने वाढवतात.

ओळखीच्या पदार्थांत ओट्स

दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा बेंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूममध्ये रवा इडली जन्मली, असे सांगितले जाते. धान्य बदलले, तरी इडली इडलीच राहिली. त्याच रीतीने थालीपिठाच्या भाजणीत, उपम्यात किंवा डोशाच्या पिठात एक चतुर्थांश भाग ओट्स मिसळता येतात. सोबत भाज्या, डाळ किंवा दही घ्यावे.

ओट्स महाग वाटत असल्यास नाचणी हाताशी आहे. तिच्या उत्पादनात कर्नाटक देशात अग्रेसर आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ओट्समध्ये ते याहून पुष्कळ कमी असते. म्हणून दोन्हींचा मेळ हितकारक ठरतो.

घरची ओट्स-नाचणी बिस्किटे (सुमारे 20)

साहित्य : ओट्सची पूड 100 ग्रॅम, नाचणीचे पीठ 50 ग्रॅम, कणीक 50 ग्रॅम, किसलेला गूळ 60 ग्रॅम, तेल 60 मिलिलिटर, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलदोड्याची पूड, लागेल तसे दूध.

कृती : कोरडे जिन्नस एकत्र चाळा. तेल व गूळ फेटून त्यात मिसळा. दुधाचा हबका देत गोळा बांधा. चपटी बिस्किटे करून आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सिअसवर 15 ते 18 मिनिटे भाजा. गार झाल्यावर ती कुरकुरीत होतात.

एका बिस्किटात सुमारे 3 ग्रॅम गूळ येतो. गूळ हीदेखील साखरच आहे. म्हणून एका वेळी दोन बिस्किटे पुरेशी समजावीत. वनस्पती तूप टाळावे. पाव करताना केवळ ओट्स वापरू नयेत. त्यांत ग्लुटेन नसल्याने पाव फुगत नाही. तीन भाग कणकेला एक भाग ओट्स घ्यावेत.

सावधगिरी

• तंतुमय आहार हळूहळू वाढवा व पुरेसे पाणी प्या; अन्यथा पोट फुगते.
• सिलिअॅक विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय ओट्स घेऊ नका; त्यांत गव्हाची भेसळ असू शकते. वरील बिस्किटांत कणीक आहे, हेही लक्षात ठेवा.
• मधुमेह किंवा हृदयरोगाची औषधे स्वतःहून बंद करू नका.
• 2 वर्षांखालील बालकांना साखर किंवा गूळ घातलेले पदार्थ देऊ नका.

आजच घरातील न्याहारीचे एक पाकीट उलटून त्यावरील पहिले तीन घटक वाचा. उद्याच्या न्याहारीचा निर्णय त्यावरून करता येईल.