पायावरची सूज आणि केशवाहिन्यांचा कारभार

संध्याकाळी घोट्याच्या वर अंगठ्याने दाबले असता जो खळगा पडतो आणि बोट उचलल्यावरही काही वेळ तसाच राहतो, तो पाहून पुष्कळ वाचक मला पत्राने विचारतात, की अंगात पाणी झाले आहे तर लघवी जास्त होण्याची गोळी सुरू करावी काय. हे पाणी आपल्याच रक्तातून झिरपलेले असते, आणि ते का साठले याची चौकशी झाल्यावाचून गोळी घेणे मला रुग्णाच्या हिताचे वाटत नाही. ही चौकशी समजण्यासाठी केशवाहिन्यांचा कारभार थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे.

रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयातच परतते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सप्रमाण मांडले. परंतु धमन्यांतले रक्त शिरांमध्ये नेमके कोणत्या वाटेने उतरते, हे त्यांना अखेरपर्यंत डोळ्यांनी पाहता आले नाही. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा ती वाट प्रथम मानवी दृष्टीस पडली. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील पाच ते दहा भाग एवढीच या केशवाहिनीची रुंदी असते, त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशींना तिच्यातून एकामागून एक, प्रसंगी अंग दुमडून, जावे लागते. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते, आणि अशा असंख्य वाहिन्यांचा एकत्रित विस्तार इतका मोठा असतो, की महाधमनीत वेगाने धावणारे रक्त येथे येताच सेकंदाला जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर एवढे मंदावते. या मंदपणामुळेच देवघेवीला अवसर मिळतो.

धमनीकडून आलेल्या रक्तात प्राणवायूचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो व पेशींभोवतीच्या द्रवात तो ४०च्या आसपास असतो; या फरकामुळे प्राणवायू भिंतीतून आपोआप पेशींकडे जातो, त्यासाठी शरीराला निराळी शक्ती खर्चावी लागत नाही. कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने येतो; त्याच्या दाबातील फरक पाच-सहा मिलिमीटरच असतो, परंतु तो द्रवात प्राणवायूहून कितीतरी सुलभतेने पसरत असल्यामुळे तेवढ्यावर त्याचे काम भागते. साखर, क्षार, अमिनो आम्ले यांसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ बहुतेक ठिकाणी भिंतीतील पेशींमधल्या फटींतून बाहेर पडतात, आणि पेशींनी टाकून दिलेली द्रव्ये रक्तात येऊन यकृत, मूत्रपिंड व फुप्फुस यांच्या हवाली होतात. सर्व अवयवांना मात्र एकच कायदा लागू नाही. मेंदूत या फटी जवळजवळ बंद असतात, त्यामुळे तेथे प्रवेशासाठी कडक तपासणी होते. यकृतात त्या इतक्या मोकळ्या असतात, की तेथे तयार झालेली अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनेही रक्तात सहज उतरतात.

सुजेचे मर्म या अल्ब्युमिनमध्येच आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली दाखवून दिले, की केशवाहिनीतील दाब पाण्याला बाहेर रेटतो, तर रक्तातील प्रथिने, त्यांना सहसा भिंत ओलांडता येत नसल्यामुळे, तेच पाणी आत ओढून धरतात. रेटा ओढीपेक्षा किंचित सरस ठरतो, आणि बाहेर शिल्लक उरलेला द्रव लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात भरतात; दिवसाकाठी हा भरणा काही लिटरांचा होतो. हृदय दुबळे झाले, शिरांच्या झडपा निकामी झाल्या किंवा माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला, की रेटा वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून गेली, यकृत ती पुरेशी तयार करीनासे झाले किंवा आहारातच ती दीर्घकाळ कमी पडली, की ओढ घटते. विदर्भात परिचित असलेल्या हत्तीरोगात तर डासाने आणलेली जंतकृमी लसीकावाहिन्यांचीच नासाडी करते, आणि त्या सुजेवर लघवीची गोळी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

म्हणून पाय सुजले असतील तर प्रथम लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्तातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन, रक्तदाब आणि हृदयाची परीक्षा एवढे करवून घ्यावे. उभ्याने काम करणाऱ्यांनी मधूनमधून चालावे, कारण पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने शिरांतील रक्त वर ढकलले जाते व केशवाहिन्यांवरील दाब उतरतो. रात्री पायांखाली उशी घ्यावी. मात्र ज्यांना आडवे होताच धाप लागते त्यांनी हा उपाय न करता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी झाल्याची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि अशा पायाला मालीश मुळीच करू नये. गरोदर स्त्रीच्या चेहऱ्यावर व हातांवर सूज येऊन डोके दुखत असेल, तर रक्तदाब मोजण्यास उद्याची वाट पाहू नये.

राहता राहिला रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांचा प्रश्न. या औषधाने लहान धमन्या सैलावतात आणि त्यांच्या पुढच्या केशवाहिन्यांवर दाब वाढतो, म्हणून काहींचे घोटे सुजतात. शरीरात एकूण पाणी वाढलेले नसल्याने लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही. अशा वाचकांनी औषध परस्पर बंद करू नये, सूज डॉक्टरांना दाखवावी. मात्रा कमी करून किंवा दुसरे औषध जोडून अथवा बदलून ती बहुधा आटोक्यात आणता येते.