कोरडी त्वचा आणि ग्लिसरीनचा धर्म

प्रश्न : हिवाळ्यात शुद्ध ग्लिसरीन नियमाने चोळूनही हातपाय फुटतात. हायलुरॉनिक आम्लाचे महागडे सीरम घ्यावे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १७७९ साली शील या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्ह तेलापासून जे मधुर द्रव्य वेगळे केले, ते ग्लिसरीन जलाकर्षक असून, भोवतालची हवा दमट असेल तर तिच्यातून आणि ती शुष्क असेल तर त्वचेच्याच खालच्या थरांतून पाणी ओढून घेते, सबब आपल्याकडील कोरड्या थंडीत ते निर्जल स्वरूपात कोरड्या अंगावर चोळणे म्हणजे आधीच उण्या असलेल्या ओलाव्याची नाहक उधळपट्टी होय. हायलुरॉनिक आम्लही याच जातीचे. त्यापायी फाजील खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी उणीव आहे ती ओलावा राखण्याच्या बंदोबस्ताची. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगस्तरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असून, त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले चुन्याप्रमाणे भरलेली असतात, आणि कढत पाणी व तीव्र साबण नेमका हाच चुना धुऊन नेतात. म्हणून कोमट पाण्याने स्नान थोडक्यात उरकून, अंग ओलसर असतानाच ग्लिसरीनयुक्त क्रीम लावावे, आणि टाचांवर व बोटांच्या पेरांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. कारण ती स्वतः पाण्याचा थेंबही देत नसली, तरी आतले पाणी उडून जाण्यास जबर प्रतिबंध करते. टाचांची कातडी जाड झाली असल्यास १० टक्के युरियाचे मलम गुणकारी. उघड्या भेगांत मात्र ते झोंबते. भेगांतून रक्त येत असेल अथवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.